व्हिविटार २८३: फिल्म कॅमेऱ्यासाठी जुना फ्लॅश घ्यावा का?

मुंबईत फोर्टातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत किंवा चोरबाजारात मटण स्ट्रीटवर फिरताना एक काळा, ठोकळ्यासारखा, डोके वर उचलणारा फ्लॅश हमखास दिसतो. समोर रंगीत खुणांची छोटी गोल चकती, बाजूला हिशेबाची मोठी चकती, खाली प्लॅस्टिकचा पाय. हा व्हिविटार २८३. १९७० च्या दशकात तो बाजारात आला आणि लग्नाच्या हॉलपासून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे पोचला. पुन्हा रोल भरू लागलेली मंडळी आज फ्लॅश शोधत निघतात, तेव्हा दुकानदार त्यांच्यापुढे बहुधा हाच ठेवतो.

निकाल आधीच सांगतो. निकॉन एफएम१०, एफएम२, पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१ किंवा जुना यशिका हातात असेल, तर नव्या डिजिटलसाठी बनलेल्या महागड्या फ्लॅशपेक्षा हा जास्त उपयोगी आहे. अट एकच: नग तपासून घ्यायचा. न तपासता घेतलेला २८३ म्हणजे कपाटात ठेवायचा पेपरवेट, आणि वाईट नशीब असेल तर कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक्स जाळणारा पेपरवेट.

जुना का घ्यायचा, तर कारण फिल्ममध्येच आहे. डिजिटल फ्लॅशचे टीटीएल खऱ्या फोटोच्या आधी एक बारीक झोत मारते, लेन्समधून परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि मग ताकद ठरवतो. के१००० किंवा एफएम१० ला ही भाषाच येत नाही. असा फ्लॅश त्यांच्या डोक्यावर बसवला तर तो फार तर मॅन्युअलवर चालतो, आणि काही मॉडेलांत मॅन्युअलची सोयही नसते. २८३ कॅमेऱ्याला काहीच विचारत नाही. त्याच्या स्वतःच्या छातीवर एक सेन्सर आहे. झोत सुटला की समोरच्या माणसावरून परतलेला उजेड हा सेन्सर मोजतो आणि पुरेसा झाला की थायरिस्टर हा आतला इलेक्ट्रॉनिक स्विच झोत तिथेच तोडतो. पूर्ण ताकदीचा झोत साधारण १/१००० सेकंदाचा असतो, तर जवळच्या फोटोला तो १/३०,००० सेकंदापर्यंत आखूड होतो. उरलेली वीज कपॅसिटरमध्येच राहते, त्यामुळे जवळचे फोटो काढताना फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि सेलही जास्त पुरतात. कॅमेऱ्याने फक्त शटर उघडले की ‘आता’ एवढे सांगायचे, आणि ते तर साठ वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यालाही जमते.

रंगांची चकती हाच या फ्लॅशचा आत्मा. चार रंग चार अ‍ॅपर्चरसाठी (लेन्सचे छिद्र किती उघडे ठेवायचे त्याच्या पायऱ्या) आणि पाचवी खूण मॅन्युअलची. १०० आयएसओच्या फिल्मला पिवळा म्हणजे एफ/२.८ आणि सुमारे ४३ फुटांपर्यंत पोच. लाल म्हणजे एफ/४ आणि ३० फूट. निळा एफ/८ आणि १५ फूट. जांभळा एफ/११ आणि दहा-अकरा फूट. कोडॅक गोल्डसारखी २०० ची फिल्म असेल तर हेच आकडे एफ/४, ५.६, ११ आणि १६ होतात. एचपी५ किंवा अल्ट्रामॅक्ससारख्या ४०० ला एफ/५.६, ८, १६ आणि २२.

इथे बहुतेक नवखे एक गोष्ट चुकतात. बाजूच्या मोठ्या चकतीवर आयएसओ लावला म्हणजे फ्लॅशला फिल्म कळली, असे त्यांना वाटते. तसे काही नसते. ती चकती नुसती हिशेबाची पाटी आहे, आतल्या सर्किटशी तिचा संबंध नाही. फ्लॅशचे काम ठरते रंगावर, आणि त्या रंगाला तुमच्या फिल्मवर कोणते अ‍ॅपर्चर लागते ते चकतीवर वाचून लेन्सवर हाताने लावायचे असते. रंग लाल, फिल्म ४०० ची आणि लेन्स एफ/४ वर राहिली, तर प्रत्येक फ्रेम दोन स्टॉप जादा उजळणार (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म ते पोटात घालते, स्लाइड फिल्म घालत नाही.

ही गोष्ट एकदा कळली की तिचा फायदाही घेता येतो. सेन्सर समोरचे सगळे करडे समजून मोजतो. पांढऱ्या साडीतली बाई फ्रेम भरून उभी असेल तर तो लवकर समाधानी होतो आणि फोटो काळसर येतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रात्री माणूस उभा केला आणि मागे नुसता समुद्राचा काळोख असेल, तर सेन्सरला परत काहीच मिळत नाही, तो झोत लांबवत राहतो आणि चेहरा पिठासारखा पांढरा होतो. उपाय लेन्सवरच आहे. पांढऱ्या साडीला एक स्टॉप उघडा, काळोखापुढच्या माणसाला एक स्टॉप मिटा. रंगाला हात लावू नका. फ्रेममध्ये आरसा, काचेची तसबीर किंवा घासलेली पितळी समई समोरासमोर आली तर मात्र सेन्सर त्या चमकेनेच फसतो. तिथे दोन पावले बाजूला सरकून तिरपे उभे राहायचे.

आता नग कसा पारखायचा. ‘चालू आहे’ या दुकानदारी शब्दाचा अर्थ लाल दिवा लागतो इतकाच असतो. त्यामुळे जाताना चार्ज केलेले, एए मापाचे चार पेन्सिल सेल आणि एक मल्टिमीटर सोबत न्यावा. मल्टिमीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मीटर सहज मिळतो.

सर्वांत आधी सेलची ट्रे पाहा. २८३ मध्ये चारही सेल एका सुट्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बसतात आणि ती ट्रे फ्लॅशच्या पोटात सरकते. ट्रे हरवलेली असेल तर फ्लॅश कितीही चकचकीत असो, घेऊ नका. कारण आत सुटे सेल भरून तो चालत नाही आणि सुटी ट्रे शोधणे म्हणजे पूर्ण फ्लॅश शोधण्यापेक्षा मोठी कटकट. मुंबईच्या हवेत विसरलेले सेल पाझरतात. ट्रेच्या पत्र्यांवर पांढरी पूड किंवा हिरवट थर असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तो साफ होतो. पत्राच खाल्ला गेला असेल तर नग परत ठेवा.

मग ट्रिगर व्होल्टेज. फ्लॅशच्या पायातल्या मधल्या टोकावर कायम काही व्होल्ट उभे असतात. कॅमेरा ते टोक जोडतो तेव्हा झोत सुटतो. जपानी बनावटीच्या जुन्या २८३ मध्ये हा दाब दोनशे-अडीचशे व्होल्ट आणि त्याहूनही वर आढळतो, नंतरच्या बऱ्याच नगांत दहा व्होल्टच्या आत. फ्लॅशवर कोणत्या देशाचे नाव छापले आहे त्यावरून अंदाज येतो, पण भरवसा मीटरवरच ठेवायचा. फ्लॅश चालू करा, तयार असल्याचा दिवा लागल्यावर अर्धे मिनिट थांबा, मीटर डीसी ५०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, लाल टोक पायाच्या मधल्या बिंदूला आणि काळे टोक पायाच्या कडेच्या धातूला लावा. बोट लावू नका. चटका जोरात बसतो. स्वस्त काट्याचा मीटर स्वतःच वीज ओढतो आणि आकडा कमी दाखवतो, म्हणून डिजिटलच वापरावा.

आकडा हाती आल्यावर कॅमेऱ्याकडे वळा. के१००० किंवा एफएम२ यांच्या शटरच्या सिंकमध्ये, म्हणजे शटर आणि झोत जुळवणाऱ्या जोडणीत, यांत्रिक संपर्क असतो, त्यांना जुना, जास्त दाबाचा फ्लॅश चालून जातो. निकॉनने आपल्या सूचनांत २५० व्होल्टची मर्यादा दिली आहे आणि ती ओलांडू नये. ज्यांचे शटरच इलेक्ट्रॉनिक आहे ते कॅमेरे, १९९० च्या दशकातले ऑटोफोकस फिल्म कॅमेरे, आणि डिजिटल तर नक्कीच, यांच्यासाठी २४ व्होल्टच्या वरचा नग नकोच. कॅमेऱ्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातला आकडाही हाच आहे. फ्लॅशला दुरून इशारा देणारे स्वस्त रेडिओ ट्रिगरही कमी दाबासाठी बनलेले असतात, त्यांचे पत्रक वाचल्याशिवाय जुना २८३ त्यांच्यावर बसवू नये. पिशवीत डिजिटल आणि फिल्म असे दोन्ही कॅमेरे ठेवणाऱ्यांनी कमी व्होल्टचाच नग घ्यावा. घाईत एके दिवशी चुकीच्या कॅमेऱ्यावर तो बसणारच.

कपॅसिटरची परीक्षा वेळ लावूनच होते. वर्षानुवर्षे न वापरलेल्या फ्लॅशमध्ये कपॅसिटर सुस्तावलेला असतो. पहिल्यांदा चालू केल्यावर तो बारीक शीळ घालत मिनिटभर घेतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दिवा लागल्यावर दोन-तीन मिनिटे तसाच चालू ठेवा, मग मॅन्युअलवर एक झोत मारा. पुन्हा भरू द्या, पुन्हा थांबा. असे पाच-सात वेळा केल्यावर भरण्याची वेळ दहा-बारा सेकंदांवर आली तर कपॅसिटर ठीक. तीस सेकंदांच्या खाली येतच नसेल, किंवा दिवा लागून लगेच विझत असेल, तर कपॅसिटर गळतो आहे. दुरुस्तीच्या नादी लागू नका आणि स्वतः तर उघडूच नका. आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि सेल काढल्यावरही ती लगेच जात नाही.

सेन्सर तपासायला रोल लागत नाही. चकती जांभळ्यावर ठेवून तीन फुटांवरून पांढऱ्या भिंतीकडे टेस्ट बटण दाबा. झोत बारीक, आवाज हलका ‘टिक’, आणि दिवा जवळजवळ लगेच परत लागला पाहिजे. आता तेच मॅन्युअलवर करा: ‘फट्’ असा जड आवाज येईल आणि भरायला वेळ लागेल. दोन्हींत फरक जाणवला नाही तर सेन्सर काम करत नाही. लगेच निराश होऊ नका. सेन्सरचा तो ठोकळा पुढे ओढला की सुटतो. त्याच्या पिना काळवंडलेल्या असतील तर पुसून घट्ट बसवा आणि पुन्हा पाहा. निम्मे ‘खराब’ सेन्सर असेच बरे होतात. मागच्या बाजूला हिरवा दिवा आहे. ऑटोवर पुरेसा उजेड परत आला असेल तर झोतानंतर तो क्षणभर लागतो. फिल्म न खर्चता अंतर जमते का हे सांगणारी ही सोय फार मोलाची आहे.

शेवटी पाय. २८३ चा प्लॅस्टिकचा पाय हा त्याचा सर्वांत दुबळा भाग. सेल भरलेला फ्लॅश जड होतो आणि कॅमेरा गळ्यात लटकवून लोकलमध्ये चढले की सगळा ताण त्या पायावर येतो. पायाला केसाएवढी चीर दिसली तरी भाव पाडा. कॅमेरा आणि फ्लॅश जोडणाऱ्या वायरीचे, म्हणजे सिंक कॉर्डचे, फ्लॅशकडचे टोक व्हिविटारचे खास आहे, कोणतीही पीसी कॉर्ड त्यात बसत नाही. म्हणून मूळ कॉर्ड सोबत असेल तर आवर्जून घ्या. ‘सेन्सर दूर नेणारी वायर आहे का’ असेही विचारून ठेवा. एससी-१ नावाची ती वायर मिळाली तर सेन्सर कॅमेऱ्यावर ठेवून फ्लॅश हातात दूर धरता येतो आणि ऑटो तरीही टिकतो. व्हीपी-१ नावाचा ठोकळा सेन्सरच्या जागी बसतो आणि मॅन्युअल ताकद पूर्णपासून १/३२ पर्यंत कमी करू देतो. तो नसेल तर २८३ चे मॅन्युअल म्हणजे फक्त पूर्ण ताकद, हे लक्षात असू द्या. याचाच भाऊ २८५. त्याला झूम होणारे डोके आणि पूर्ण, अर्धी, पाव, १/१६ अशा ताकदी असतात. दोन्ही सारख्याच भावात, सारख्याच अवस्थेत मिळाले तर २८५ घ्या.

आता कॅमेऱ्याची बाजू. फोकल प्लेन शटरचे दोन पडदे ठरावीक वेगापर्यंतच एकाच वेळी पूर्ण उघडे असतात. त्याहून वेगवान गेले की झोत सुटताना एक पडदा चौकटीत आलेला असतो आणि फोटोचा एक भाग काळा पडतो. के१००० आणि एई-१ ला ही मर्यादा १/६०, एफएम१० ला १/१२५, एफएम२ च्या पहिल्या आवृत्तीला १/२०० आणि १९८४ नंतरच्या आवृत्तीला १/२५०. जुन्या झेनिटला तर १/३०. त्याहून हळू कितीही चालते, आणि घरात हळूच हवे. त्याकडे पुढे येतो. यशिका मॅटसारख्या लीफ शटरच्या (पडद्यांऐवजी लेन्समधल्या पात्यांनी उघडणाऱ्या) कॅमेऱ्यांत सर्व वेगांना फ्लॅश चालतो. पण ज्या जुन्या कॅमेऱ्यांवर एम आणि एक्स अशी खुंटी आहे, तिथे ती एक्सवरच हवी. एम हे जुन्या बल्बसाठी होते; त्यांना पेटायला वेळ लागे म्हणून शटर उघडण्याच्या आधीच इशारा जातो. त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावला तर झोत आधी, शटर मागाहून. रोल धुऊन येतो तेव्हा छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कोऱ्या.

एई-१ वर दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश असताना कॅमेरा स्वतः १/६० वर जात नाही. वेग हाताने लावा आणि लेन्स ‘ए’ वरून काढून अ‍ॅपर्चरही हाताने द्या. निकॉन ईएम वर चकती एम९० वर. यशिका इलेक्ट्रो ३५ वर विजेच्या खुणेवर, म्हणजे १/३० वर. या तिन्ही कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक्स आहे, तेव्हा व्होल्टेजची बाब विसरू नका.

सिंक जमतो की नाही हे फिल्म भरायच्या आधीच पाहता येते. मागचे दार उघडा, लेन्स काढा किंवा पूर्ण उघडी ठेवा, पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा, मागून पाहत शटर दाबा. चौकट पूर्ण पांढरी लखलखली तर ठीक. एका बाजूला काळी पट्टी दिसली तर वेग जादा, आणि काहीच दिसले नाही तर हॉट शूचा, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेचा, मधला बिंदू पेन्सिलच्या खोडरबराने घासून पुन्हा बघा. पावसाळ्यात हा बिंदू महिन्याभरात मळतो.

थेट समोरून झोत मारायचा तर गाइड नंबर लागतो; त्याला अंतराने भागले की अ‍ॅपर्चर मिळते. २८३ चा छापील नंबर १०० आयएसओला १२० फूट, मीटरमध्ये ३६. कंपन्या हे आकडे हलक्या रंगाच्या भिंतींच्या खोलीत, हात सैल सोडून मोजतात, शिवाय नग जुना. म्हणून हिशेबात १०० धरावा. दहा फुटांवर माणूस, तर १०० भागिले १०, म्हणजे एफ/१०. एफ/८ आणि एफ/११ च्या मध्ये ठेवा. ४०० च्या फिल्मला नंबर दुप्पट, २००. उघड्या मैदानात, भिंती नसताना आणखी अर्धा स्टॉप उघडावा.

पण समोरून थेट झोत हा या फ्लॅशचा सर्वांत वाईट उपयोग. त्याचे डोके ९० अंशांपर्यंत वर वळते आणि ते वर वळले तरी सेन्सर पुढेच बघत राहतो. म्हणजे छतावर झोत मारूनही ऑटो चालू. २८३ घ्यायचे खरे कारण हे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये छत साधारण साडेनऊ फुटांवर असते. तुमच्यापासून आठ फुटांवर कोणी सोफ्यावर बसले आहे असे धरा. झोत वर जाऊन खाली येईपर्यंत साडेबारा फुटांचा रस्ता होतो, आणि चुन्याचे पांढरे छतही सुमारे दोन स्टॉप खाते. गणित असे: १०० भागिले १२.५ म्हणजे एफ/८, त्यातून दोन स्टॉप वजा म्हणजे १०० आयएसओला एफ/४. ४०० ला एफ/८. म्हणून ४०० ची फिल्म घालून, रंग पिवळा आणि लेन्स एफ/५.६ वर ठेवली की एक स्टॉप हाताशी राहतो आणि हिरवा दिवा बिनचूक लागतो. लालवर एफ/८ म्हणजे काठावरचा हिशेब. १०० च्या फिल्मवर घरात बाऊन्सचा, म्हणजे छतावरून झोत परतवण्याचा, हट्ट धरू नये.

छताचा रंग मात्र बघा. रंगीत फिल्मवर हिरव्या ऑइल पेंटच्या भिंती आणि फिकट निळे छत चेहऱ्यावर उतरतात आणि स्कॅन करणारा कितीही कसबी असला तरी पूर्ण काढू शकत नाही. जुन्या चाळीतल्या लाकडी तुळयांच्या छताने तर झोत गिळलाच म्हणून समजा. मांडवात छताला लाल-पिवळे कापड असते, तिथेही बाऊन्स नको. गणपतीची मूर्ती आणि समोरचे भक्त दोघेही हळद खेळल्यासारखे दिसतात. अशा ठिकाणी पोस्टकार्डाएवढा पांढरा जाड कागद रबरबँडने डोक्याच्या मागे लावा आणि डोके जवळजवळ सरळ वर करा. झोताचा काही भाग कागदावरून पुढे येतो आणि सावलीची धार बोथट होते. डोके बाजूला वळत नाही ही २८३ ची मोठी उणीव. कॅमेरा उभा धरला की झोत छताऐवजी शेजारच्या भिंतीवर जातो. ती भिंत पांढरी असेल तर फोटो उलट सुंदर येतो, खिडकीसारखा. नसेल तर आडवी फ्रेम काढा आणि नंतर कापा.

घरातल्या फोटोंत माणूस उजळ आणि मागे गुहा असे होते, ते वेगामुळे. संध्याकाळी दिवे लावलेल्या दिवाणखान्यात ४०० च्या फिल्मला एफ/५.६ वर नुसत्या दिव्यांसाठी साधारण १/८ सेकंद लागतो. १/६० वर ठेवले तर मागची खोली तीन स्टॉप अंधारी. १/१५ वर आणले की एकच स्टॉप, आणि देव्हारा, फोटोफ्रेम, दाराशी उभी आजी सगळे दिसते. समोरचा माणूस झोताने गोठलेला असतो, त्यामुळे हात थोडा हलला तरी चालते. ट्यूबलाइटच्या खोलीत मागे किंचित हिरवी झाक येईल. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तीही नाही.

दुपारी फिल-फ्लॅश, म्हणजे उन्हातल्या सावल्या फ्लॅशने भरणे, हे कमी लोक करतात आणि तिथेच शटरच्या मर्यादेची किंमत कळते. गेटवेवर किंवा शिवाजी पार्कात बाराच्या उन्हात डोळ्यांखाली खड्डे पडतात. १०० ची फिल्म, एफएम१०, १/१२५ आणि एफ/१६, हा उन्हाचा हिशेब. फ्लॅश निळ्यावर ठेवा. फ्लॅशला वाटते लेन्स एफ/८ वर आहे. प्रत्यक्षात ती एफ/१६ वर, म्हणजे त्याचा उजेड दोन स्टॉप कमी पडतो. खड्डे भरतात आणि फ्लॅश मारल्याचे कळत नाही. समोरच्या माणसाच्या पाठीवर ऊन असेल तर जांभळा, एकच स्टॉप कमी. अंतर दहा-बारा फुटांच्या आत. के१००० वर १/६० मुळे एफ/२२ लागतो, तो बहुतेक ५० मिमी लेन्सवर असतो. पण के१००० मध्ये ४०० ची फिल्म असेल तर विसरा, एफ/४५ कुठून आणणार? एफएम२ च्या १/२५० वर मात्र ४०० सुद्धा एफ/२२ वर निभते. फिल-फ्लॅशसाठी कॅमेरा निवडायचा असेल तर लीफ शटरचा यशिका या सर्वांपेक्षा सरस.

सेलबाबत काटकसर नको. भिंतीवरच्या घड्याळात घालायचे झिंकचे स्वस्त सेल यात घातले तर पहिल्या चार-पाच झोतांनंतर दिवा लागायला अर्धे मिनिट घेतो. अल्कलाइन ठीक, पण रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सर्वांत चांगले, १.२ व्होल्टचे असूनही ते एकदम जास्त प्रवाह देतात आणि फ्लॅश लवकर भरतो. यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल टाळा, त्यांच्या आतल्या सर्किटला इतका झटका झेपेलच असे नाही. तयार असल्याचा दिवा कपॅसिटर पूर्ण भरायच्या थोडा आधीच लागतो. महत्त्वाच्या फ्रेमला दिव्यानंतर पाच सेकंद आणखी द्या, विशेषतः बाऊन्समध्ये, जिथे पूर्ण ताकद लागणार आहे. मॅन्युअलवर सलग दहा-पंधरा झोत मारल्यावर डोके तापते. दोन-तीन मिनिटे विश्रांती द्यावी. समोरचे प्लॅस्टिक आधीच पिवळे पडलेले दिसले तर मागच्या मालकाने ती दिलेली नाही, असे समजा.

याला पर्याय आहेत. गोडॉक्सचा टीटी५६० नवा मिळतो, डोके बाजूलाही वळते, ताकद कमी-जास्त करता येते, ट्रिगर व्होल्टेजची चिंता नाही. पण सेन्सरवाला ऑटो त्यात नाही. प्रत्येक फ्रेमला अंतर मोजून गणित करावे लागते. निवांत पोर्ट्रेट काढणाऱ्याला तो पुरेसा आहे, बारशात धावपळ करणाऱ्याला नाही. निकॉनचे जुने एसबी-२४, २६ किंवा २८ मिळाले तर ते या दोघांपेक्षा वरचढ: सेन्सरवाला ऑटोही आहे, मॅन्युअलही, आणि डोके चहूकडे वळते. वजन आणि किंमत दोन्ही जास्त. एफएम१० ची बॉडी प्लॅस्टिकची, त्यावर असा फ्लॅश चढवला की कॅमेरा पुढेमागे झुलतो, तेव्हा ब्रॅकेट लागतेच.

भाव सांगायचा झाला तर ठरलेला दर नाही. ट्रे, कॉर्ड, चालणारा सेन्सर आणि न चिरलेला पाय या चार गोष्टींवर तो ठरतो, आणि त्याच क्रमाने. ‘शेठ, माझे सेल घालून बघतो’ म्हटल्यावर जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. मटण स्ट्रीटवर शुक्रवारी रस्त्यावर मांडलेल्या मालाला परतीची हमी नसते, तिथे मीटर खिशात असल्याशिवाय पैसे बाहेर काढू नयेत. दुकानातून घ्यायचा असेल तर इतर दिवशी जा.

घरी आणल्यावर जून ते सप्टेंबर तो झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, सेल काढून. महिन्यातून एकदा सेल घालून दिवा लागेपर्यंत भरा, एक-दोन झोत मारा, पुन्हा भरू द्या आणि भरलेल्या अवस्थेतच बंद करून सेल काढा. कपॅसिटर रिकामा पडून राहिला की पुन्हा सुस्तावतो, आणि मग गौरी-गणपतीच्या दिवशी मिनिटभर शीळ ऐकत बसावे लागते.